पहिला कागद ओला असताना

सोमवार, ५ जानेवारी

नांदेडहून रात्रभराचा प्रवास करून सकाळी कोल्हापुरात उतरले आणि पहिल्याच रिक्षावाल्याशी वाद घातला. बायकांनी मेळावे घेऊन काय व्हायचंय, असं तो सहज बोलून गेला. मग मंगळवार पेठ येईपर्यंत मी त्याला काय व्हायचं ते सांगत राहिले. उतरताना तो म्हणाला, ‘पावणं, निवडणुकीला उभं ऱ्हावा की. प्रचाराला माझी रिक्षा.’ या गावाशी माझं जमणार.

पेठेतल्या एका तालमीच्या मागच्या बोळात वर्षाराणी आणि कृष्णात यांची कार्यशाळा आहे. ती लाकडात ठसे कोरून चित्रं छापते, तो जुन्या सुती कपड्यांचा कागद करतो. दोघं मिळून हाताने पुस्तकं बनवतात. आता माझ्या भाषणांचं बनवायचं आहे, हुपरीत घरबसल्या पैंजण जोडणाऱ्या बायकांसाठी. तिथल्या बयाबाईंनी माझं एक भाषण मोबाइलवर ऐकलं आणि बोलावणं धाडलं. तेवीस तारखेला मेळावा आहे. पुस्तक त्यांच्या हातात द्यायचं आणि त्यांच्यासमोर उभं राहून बोलायचं. मजुरीचा दर वाढवून मागायला त्या पहिल्यांदाच एकत्र येणार आहेत. माझ्या आवाजाचा यापेक्षा चांगला उपयोग मला ठाऊक नाही.

शाहूपुरीत खोली मिळाली आहे. खिडकी रस्त्यावर उघडते.

गुरुवार, ८ जानेवारी

या कार्यशाळेत एक रीत आहे. ज्याचं पुस्तक, त्याच्याच घरच्या कापडाचा कागद. मी आईचं पांढरं लुगडं आणलं होतं, दरवर्षी जयंतीच्या मिरवणुकीत ती नेसायची ते. कृष्णातने त्याच्या चिंध्या केल्या, भिजवल्या, कांडून लगदा केला. हौदात हात घातला तर गार दुधासारखं लागलं. आई असती तर म्हणाली असती, लुगडं गेलं पण वाया नाही गेलं.

मुखपृष्ठावर माझा चेहरा असावा ही वर्षाराणीची कल्पना. छापलेला नव्हे, कागदाचाच, उठावाचा. त्यासाठी तिने माझ्या चेहऱ्यावर प्लास्टर लिंपून साचा घेतला. नाकात नळ्या, तोंड बोलताना असतं तसं उघडं. हलायचं नाही, बोलायचं नाही. कृष्णात बाजूला उभा राहून म्हणत होता की ताई गप बसलेल्या बघायला तिकीट लावायला पाहिजे.

शनिवार, १० जानेवारी

आज पहिला कागद घेतला. साच्यात लगदा दाबला, स्पंजाने पाणी टिपलं. तेवढ्यात कृष्णात हातोडी घेऊन आला. त्याच्या उस्तादांचा दंडक होता म्हणे, जिवंत माणसाच्या चेहऱ्याचा साचा असेल तर पहिला कागद ओला असतानाच साचा फोडायचा, कारण एकदा तो वाळला की—

मी त्याला तिथेच अडवलं. एकच प्रत? म्हणजे कुणा शेटजीच्या दिवाणखान्यात काचेमागे ठेवायला? ज्या बायकांचं पुस्तक, त्यांना ते लांबून दाखवायचं? आपल्या लोकांना शतकानुशतकं पुस्तकाला हात लावू दिला नाही. आता आपणच आपल्या हाताने साचे फोडायचे? दंडक माणसांनी केले, माणसं मोडतील. हुपरीच्या प्रत्येक घरात हा चेहरा गेला पाहिजे. आणि चेहऱ्याला भ्यायचं कशाला?

बराच वेळ बोलले. वर्षाराणीचे डोळे भरून आले. कृष्णातने हातोडी खिळ्याला टांगली आणि म्हणाला, ‘ताई, तुमच्यापुढं वकील बी गार पडंल.’

कागद पंख्याखाली वाळत ठेवला आहे.

बुधवार, १४ जानेवारी

रोज चार-पाच प्रती निघत आहेत. वाळलेला चेहरा साच्यातून सुटताना बारीक आवाज होतो, कुणी बोलायला श्वास घ्यावा तसा. कृष्णातला तो आवडत नाही. मी त्याला हसले.

घसा बसला आहे. कांडणयंत्राची धूळ असेल. संक्रांतीचा तिळगूळ द्यायला शेजारच्या आक्का आल्या, त्यांना दोनदा विचारावं लागलं मी काय म्हणते ते.

रविवार, १८ जानेवारी

चहाचा कप ओठाला लावला आणि वरचा ओठ फाटला. कप फुटका नव्हता. रक्त फार आलं नाही. तुकडा मात्र निघाला, खपलीसारखा, पांढरा.

डॉक्टरांनी नळी घालून घसा पाहिला. सगळं ठीक आहे म्हणाले. बोलणं कमी करा. आजवर मला हे ज्यांनी ज्यांनी सांगितलं, ते सगळे वेगळ्या हेतूने सांगत होते.

मंगळवार, २० जानेवारी

आज कार्यशाळेत प्रती एका रांगेत पाहिल्या. साच्यातून इतके कागद निघाल्यावर कडा बोथट व्हायला हव्यात. उलट झालं आहे. प्रत्येक चेहऱ्याचा ओठ आधीच्यापेक्षा रेखीव आहे, शेवटचा तर आत्ता बोलेल असा. तिथल्याच आरशात माझं तोंड पाहिलं. ओठांच्या कडा राहिलेल्या नाहीत. जिथे होत्या तिथे सपाट आहे.

पुरे करा, म्हणाले. कुजबुजीएवढा आवाज निघाला. वर्षाराणीने माझे खांदे धरले. मी दमले आहे, असं तिला वाटतं. तिने मला माझंच वाक्य ऐकवलं, हुपरीच्या प्रत्येक घरात हा चेहरा गेला पाहिजे. कृष्णातही म्हणाला, तुमीच म्हनला न्हवं का, चेहऱ्याला भ्यायचं कशाला.

मी उत्तर देऊ शकले असते. माझ्याकडे उत्तर होतं. आवाज नव्हता.

शुक्रवार, २३ जानेवारी

हुपरी. मंडप भरला होता. बायका कामावरून तशाच आलेल्या, बोटं काळी. मी उभी राहिले. त्या थांबल्या. मी तोंड उघडलं आणि उघडंच ठेवलं. मागून कुणी विचारलं, माईक बंद हाय काय. बयाबाईंनी पाणी आणून दिलं, पाठीवर हात ठेवला, ‘घाबरू नगं लेकी, बोल.’

नाही आलं.

मग पुस्तकं वाटली. बयाबाईंनी कागदाचा चेहरा कानाशी धरला, पोरीने गुपित सांगावं तसा. ऐकत राहिल्या. मान डोलावली. मग शेजारणीने धरला. मग सगळ्यांनी. मंडपात पन्नासएक बायका, आणि प्रत्येकीच्या कानाशी माझं तोंड.

मीही एक धरला. माझा आवाज. मी आज बोलणार होते ते सगळं. एक शब्दही मी कुणाला सांगितला नव्हता.

बयाबाई मला म्हणाल्या, ऐकू येतंय की सगळं. आता तुमी बसा.

शनिवार, २४ जानेवारी, सकाळी

जेवण जात नाही. तोंड पुरतं मिटत नाही, पुरतं उघडत नाही. हाताला कोरडं लागतं. ऊन पडलं की गालातून उजेड आरपार दिसतो.

कृष्णात भेटायला आला. मी पाटीवर लिहिलं, वाळल्यावर काय होतं? उस्ताद काय म्हणाले होते? तो म्हणाला, वाळला की साच्याला हात लावायचा न्हाय, असं काहीतरी म्हनायचे, नीट आठवत न्हाय. त्या दिवशी तुमी बोलाय लागला आणि माझ्या डोक्यातनं गेलं.

मी त्याला बोलू दिलं नव्हतं.

हात लावायचा नाही म्हणजे काय, पुढच्या प्रती घ्यायच्या नाहीत एवढंच असणार. साचा आहे तोवर प्रती निघणार. मी कागदावर लिहून दिलं, साचा आजच फोडा. त्याने कागद खिशात घातला. जाताना पहिल्यांदाच माझ्या पाया पडला.

दुपारी

वर्षाराणीचा मेसेज. वाईट वाटून घेऊ नकोस, साचा तसाही खराब झाला होता. गेल्या रविवारी कागद काढताना वरच्या ओठाचा टवका उडाला. कृष्णात आता फोडायला बसतोय.

रविवारी. वरचा ओठ. कप फुटका नव्हता.

फोन लावला. कृष्णातने उचलला. आवाज येत न्हाय ताई, हात भरल्यात, मेसेज टाका, मागनं बघतो. आणि फोन तसाच चालू ठेवला.

मेसेज टाकला, दोघांनाही. फोडू नका. दोन टिक-खुणा. निळ्या होत नाहीत.

फोनवर ऐकू येतं आहे. पाणी ओतलं. साचा पालथा केला. तो वर्षाराणीला सांगतो आहे, हनुवटीपासनं धरतो, तिथं जाड हाय—

पळत गेले तरी पोचणार नाही. एक शब्द हवा. मैदानं भरून बोलले मी, एक शब्द—

खिडकी उघडली. खाली माणसं. कुणी वर बघत नाही—

पहिला घाव. हनुवटीवर—पांढरा भुगा—वहीवर—

तो म्हणतो, अजून एक—

था