निनादची नजर आणि माझं ‘जपून’

रवि. १४ मे २००६, एर्लांगेन

पुन्हा हरली पोरं. निनादचे दोन पास सरळ समोरच्या टीमच्या हातात.

हाताचं काही बिघडलेलं नाही. हात चांगलाच आहे. एप्रिलच्या मॅचमध्ये त्या दांडग्याने मागून येऊन आडवं केलं, हा थोडा वेळ उठलाच नाही, तेव्हापासून हे सुरू झालंय. डॉक्टर म्हणाले, काही नाही. काही नाही कसं? अमेरिकन फुटबॉलमध्ये पास टाकणारा तो क्वार्टरबॅक, त्याने लांब बघायचं असतं, आपला माणूस कुठे धावतोय तिकडे. हा जवळ बघतो, अंगावर कोण येतंय ते. मग घाई. आपला माणूस वळायच्या आधीच बॉल सुटलेला.

मागच्या बाकावर खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ केसलर नवऱ्याला म्हणाल्या, “पोरगा घाबरलाय.” मग पुढे मी बसलेय हे लक्षात आलं. मला केकचा मोठा तुकडा दिला. खाल्ला. काय करणार.

मंगळ. १६ मे

लायब्ररीतून ह्या खेळाचं पुस्तक आणलंय. डिक्शनरी शेजारी घेऊन वाचते. हे असताना हेच मला बाकावर सगळं समजावून सांगायचे. बरंचसं चुकीचं सांगायचे, ते आता कळतंय. सांगणार कुणाला.

क्वार्टरबॅकच्या डोक्यात काय चालावं ह्यावर एक अख्खा धडा आहे. चुकलेला पास तिथल्या तिथे विसरायचा म्हणे. नि. विसरणारा नाही. बापावर गेलाय. इस्त्री बंद केली का बघायला अर्ध्या जिन्यातून परत येणारा बाप.

जेवताना विचारलं, “मागून येणारा दिसत नाही, तेव्हा काय वाटतं रे?”

“निक्स.”

‘काही नाही’ असं जर्मनमध्ये उत्तर आलं की विषय संपला. थालीपीठ मात्र आणखी एक घेतलं.

रवि. २८ मे

अर्ध्या खेळानंतर कोचने त्याला बसवलं. दुसरा मुलगा उतरवला.

मला बरं वाटलं. इथेच लिहिते, कुणाला सांगण्यासारखं नाही. हेल्मेट मांडीत घेऊन बसलेला दिसला आणि पहिलं मनात आलं ते हेच, की आता आज त्याला काही होणार नाही. पाठ सैल झाली माझी.

मग त्याने मान वर केली. चेहरा बघितला त्याचा. हे गेले त्या आठवड्यात असा होता.

गुरु. १ जून

मटार सोलत होते, तर नि. आपणहून शेजारी येऊन बसला. म्हणजे काहीतरी असणार.

“अकरा तारखेला कोच शेवटचा चान्स देतोय. नाही जमलं तर सीझनभर बाकावर.” हे जर्मनमध्ये.

“बरं.”

“बरं काय, आई! मला खेळायचंय.” हे मराठीत.

मग शेंगा सोलत सोलत म्हणाला, खेळ सुरू व्हायच्या आधी सगळे वाकून उभे असतात, एकदम शांत असतं. तेव्हा तू ऐकू येतेस.

“मी? मी तर केक खात असते.”

“‘जपून.’ दारात म्हणतेस ना, तसं.”

आणि हसला. मीही हसले. वाटाणे खाली सांडले, ते गोळा करायच्या निमित्ताने वाकून बसले जरा वेळ.

शुक्र. २ जून

दिवसभर तेच. आई मला म्हणायची, मी ह्यांना, नि.ला. टपाल घेऊन येणाऱ्या बाईलासुद्धा म्हणते, तिला काय कळतंय. कडी लावावी तसा तोंडातून निघणारा शब्द. सल्ला थोडाच असतो तो.

पुस्तकात लिहिलंय, पडण्याचा विचार करत उभा राहिला तो आधीच पडला. डोळे खाली येतात ते तिथूनच.

हे गेले त्या डिसेंबरच्या सकाळीही मी म्हटलं होतं. रस्त्यावर बर्फाची काच झालेली. “सायकल जपून.” “हो गं,” म्हणाले, हातमोजे घातले. म्हणजे म्हटलं होतं, तरीही

मंगळ. ६ जून

आज प्रॅक्टिसला निघाला तेव्हा तोंड मिटून दारात उभी राहिले. तो थांबून राहिला. बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधली.

“काय झालं, आई?”

“कुठे काय. ये.”

“येतो.”

गेला. तो परत येईपर्यंत मी घरभर फिरत होते. भात लागला. फ्रा. केसलर वर आल्या, काही जळतंय का विचारायला.

रवि. ११ जून

शहरभर दुसऱ्या फुटबॉलचे, वर्ल्ड कपचे झेंडे. आमच्या मैदानावर नेहमीचीच माणसं.

दारात “ये” एवढंच म्हटलं. पुढचा शब्द गिळून.

सुरुवातीला जुनंच. घाई, नजर खाली. मला वाटलं, शब्द होता तोही काढून घेतला आणि हाती काहीच नाही. मग शेवटाकडे एकदा तो उभा राहिला. नुसता उभा. डावीकडून एक धिप्पाड पोरगा येत होता, मला दिसत होता, नि.लाही दिसला असणार. तरी मान वर, नजर लांब. ओरडावंसं वाटलं. फ्रा. केसलरनी माझा हात धरला, की मी त्यांचा, माहीत नाही.

अगदी शेवटच्या क्षणी टाकला. सगळे बॉलकडे बघत होते. मी नाही. मी त्याला पडताना बघितलं. लोक आनंदाने ओरडायला लागले, तो गवतावरच.

उठला. उठला.

आता खांद्यावर बर्फाची पिशवी घेऊन सोफ्यावर पडलाय. पुढच्या रविवारी तोच खेळणार, असं सांगितलंय त्याला. इतका आनंदात आहे की माझ्याशी सगळं मराठीत बोलतोय. मी मधूनमधून खांद्याकडे बघते. तो बघत नसताना.

रवि. १८ जून, सकाळ

आजची टीम एप्रिलमधलीच. तो दांडगाही आहे त्यांच्यात, मी विचारून घेतलं.

पॅसेजमध्ये बूट घालतोय. नाडी आज एकदाच बांधली. आता बॅग उचलली.

उठते. दारात जायला हवं.