आधी मेथी विकली

१ डिसेंबर, सोमवार
पुण्याचं पत्र आलं. ट्रॉमा सर्जरीची वर्षभराची फेलोशिप. होकार १५ तारखेपर्यंत कळवायचा. दुपारभर शरीर ओपीडीत, मी पुण्यात. दारातच सी.टी., रस्त्यावरच्या अॅम्ब्युलन्समधून फोन, "पोटात रक्त आहे, टेबल लावा," आणि आत पाऊल टाकते तर टेबल लागलेलं... समोरची आजी म्हणाली, "मॅडम, मी पोट दाखवून राह्यली, तुमी कुठं पाहून राह्यल्या?" लाजले. पोट पाहिलं. हर्निया.

काळे सरांना सांगितलं. या दवाखान्यात सर्जन मी एकटी, तसे ते एकुलते एक भूलतज्ज्ञ, निवृत्तीला टेकलेले. म्हणाले, "जा बाई, खुशाल जा. मी भिंतींना भूल देत बसतो." हसत म्हणाले. बहुतेक हसतच.

३ डिसें., बुध.
धुकं. आवारातलं कडुनिंबाचं झाड सकाळी जागेवर नव्हतंच. हळूहळू परत आलं.

साडेदहाला एक माणूस स्वतःच्या पायांनी चालत आला. नामदेव, चाळिशीचा, जऊळक्याकडे भाजीपाला लावतो. पोट दुखतं म्हणे. ओठ पांढरेफटक.
"कधीपासून?"
"पहाटी मोटरसायकल घसरली जी. हँडल लागलं पोटात. काई नाई, जराकसंच."
पहाटे! मग इतका वेळ?
"मंडीत होतो. मेथी होती ना संगं. सुकून जाते."

सगळी जुडी न् जुडी विकून, चहा पिऊन, रिकाम्या पोत्याची घडी काखेत मारून आलेला. अरे बाप्पा, मेथी सुकते अन् तू? इथला प्रत्येक माणूस आधी काम उरकतो, मग मरायला येतो. ओरडलेच त्याच्यावर. तो ओशाळून पोत्याची घडी नीट करत बसला.

पोटावर ओरखडासुद्धा नाही. सोनोग्राफीचा प्रोब लावला तर यकृताशेजारी काळा पट्टा. रक्त. बी.पी. सत्तर. अकोल्याला पाठवला असता तर वाटेतलं पातूरही दिसलं नसतं त्याला. "इथंच उघडते," म्हटलं आणि वळून पाहिलं. काळे सर आधीच सिरिंजमध्ये भुलीची औषधं भरत होते.

त्याच दिवशी, चार वाजता
यकृत फाटलेलं. शिवत बसले असते तर टेबलावरच गेला असता. दाबून धरलं, सहा मॉप, रक्त टिपायच्या जाड कापडी घड्या, ठासून भरले. रक्त थांबलं. आणि मीही थांबले. पोट बंद केलं नाही, वरून सलाइनची निर्जंतुक पिशवी कापून झाकण शिवलं. वनमाला सिस्टरनं त्याच्या छातीवर पट्टी लावून लिहिलं : "आत सहा." परवा पुन्हा उघडायचं. तोवर अंग गरम होऊ दे, रक्त गोठू दे.

काम अर्धं टाकून बाहेर येणं. शिकताना हेच सगळ्यात अवघड गेलं होतं, अजून जातं.

खुर्चीत डोळे मिटले. मेथीचं शेत, मधोमध ओ.टी.चा गोल दिवा, पानापानावर दव. कुणी हाक मारत नव्हतं. हात मात्र अजून कोमट रक्तातच होते.

४ डिसें., गुरु.
नामदेवची बायको कांता. आयसीयूच्या काचेला नाक लावून उभी. मला पाहताच, "पोट उघडं काहून ठेवलं? धागा सरला काय?"
राग आला, मग हसू. म्हटलं, पाटाचं पाणी फुटलं तर काय करता? आधी मातीची पोती टाकता ना? बांध मागून घालता. तसंच.
"मंग असं सांगा ना. पोती टाकली." थोड्या वेळानं, "अन् पोती वाहून गेली तं?"
"तर मी आहे ना इथं."
बोलून गेले. पत्र ॲप्रनच्या खिशातच होतं.

मग तिनं काचेकडेच बघत सांगितलं. पडल्यावर त्यानं तिला फोन केला होता. पोटात दुखून राह्यलं, म्हणाला. "मीच म्हणली, एवढी मेथी उपटली, इकूनच ये. माह्याच तोंडानं म्हणली मॅडम." रडली नाही. पदराचं टोक पिळत राहिली. तिच्या शेजारी उभी राहिले, दोघींच्या श्वासानं काच धूसर झाली. कालचं माझं ओरडणं आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

५ डिसें., शुक्र.
पुन्हा उघडलं. काळे सर नेहमी गुणगुणतात, आज गप्प. पाच मॉप सहज निघाले. सहावा यकृताला चिकटलेला. ओढला तर पुन्हा फुटणार. कोमट सलाइन सोडत राहिले, थेंब थेंब, आणि वाट पाहत. किती वेळ गेला कोण जाणे. उजेड पाण्याखालचा असावा तसा वाटत होता, आवाज लांबून. मग तो आपसूकच सुटला.
कोरडं.
वनमाला सिस्टर : "सहा, मॅडम." पुन्हा मोजून, "सहाच."
पोट बंद केलं. सर गुणगुणायला लागले, बेसूर. इतकं गोड कधी वाटलं नव्हतं.

९ डिसें.
ताप. १०१. पू झाला का आत? सोनोग्राफीत काही नाही. तरी मला जेवण गेलं नाही. कांता विचारते, मी म्हणते बघू. बघू, बघू...

११ डिसें., गुरु.
ताप उतरला. फुप्फुसाचाच होता, पोटातला नव्हता. नामदेव पेज प्यायला. माझी स्वप्नं लगेच सुरू : प्रत्येक अॅम्ब्युलन्समध्ये प्रोब, मानोऱ्याच्या तांड्यांवर रक्ताची पिशवी घेऊन उतरणारं ड्रोन, जखमी पोचायच्या आधी त्याचं पोट आम्हाला इथं पडद्यावर दिसतंय. काळे सरांना भान हरपून सांगत होते. त्यांनी सगळं ऐकलं. "छान. आधी लिफ्ट सुरू करा."

१३ डिसें., शनि.
नामदेव घरी गेला. दोन महिने मोटरसायकल बंद, वजन उचलणं बंद. कांता म्हणाली, मंडीत आता मीच बसतो. जाताना विचारलं, "तुमी आहा ना इथंच?" मी टाके कधी दाखवायचे ते सांगितलं. टाळलं ते तिच्याही लक्षात आलं असावं.

१५ डिसें., सोम.
पुन्हा धुकं. आज शेवटची तारीख. होकार लिहून ठेवलाय, पाठवायचा बाकी. वर्षभरात परत येईन, असं स्वतःला दहादा सांगितलं. शिकूनच यायला हवं, नाहीतर आयुष्यभर पोतीच टाकत राहीन. खरंय. पण त्या वर्षात जे चालत येतील ते?

साडेसातला एक दांडगा माणूस तणतणत आला. वांगी विकतो. "मले काई झालं नाई जी! गाडी घसरली, हँडल लागलं, एवढंच. पण थे कांतावैनी आयकतच नाई. माही वांगी वढून घेतली, म्हणे मी इकतो, तू पयले दवाखान्यात जाय. चारचौघात गचांडी धरली माही!"

साडेसात. नामदेव आला तेव्हा साडेदहा वाजले होते.

डोळे भरून आले, माणूस घाबरला. "लय झालं काय मले?" प्रोब लावला. यकृताशेजारी काळी रेघ, केसाएवढी. बी.पी. चांगलं, नाडी चांगली. कदाचित आपोआप थांबेल. कदाचित नाही. हाताशी वेळ आहे, हे केवढं. वनमाला सिस्टरला म्हटलं टेबल लावून ठेवा. काळे सर न बोलावता खुर्ची घेऊन बसलेत.

चार तासांनी पुन्हा प्रोब लावायचा. होकाराचं पत्र टेबलावर उपडं ठेवलंय. बाहेर कडुनिंबाचा फक्त बुंधा दिसतोय. त्या माणसाला एकच काळजी, कांतावैनी वांगी कमी भावात तर देणार नाही ना.