पायी आणि निर्जळी

निफाड, २ एप्रिल २०२५

चि. रोहितास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं हं-हं करतोस, म्हणून लिहून कळवतो. मालवणला पर्यटकांना समुद्राच्या तळाशी न्यायची नोकरी धरलीस, तेव्हा मी सप्तशृंगीला नवस बोललो होतो: पोरगं वर्षभर पाण्यातून सुखरूप वर आलं, तर त्याला पायी, निर्जळी गडावर आणीन. वर्ष झालं. शनिवारी, बारा तारखेला चैत्र पौर्णिमा आहे. भावकी येणार, आई मांडे करणार. सबबी नकोत.

तुझा, आप्पा

मालवण, ५ एप्रिल

ती. आप्पांस शि. सा. न. वि. वि.

नवस तुमचा आणि पाय माझे, हे बरं आहे! येतो, पण सोमवारी चढू या. शुक्रवारी दुपारपर्यंत मला बुड्या आहेत, मालक सुट्टी देत नाही. खोल पाण्यात नायट्रोजन अंगात मुरतो. तो हळूहळू निघून जायला निदान एक दिवस विश्रांती लागते, पाणी भरपूर प्यावं लागतं आणि उंचावर जायचं नसतं. नाहीतर रक्तात त्याचे बुडबुडे होतात. पर्यटकांना मी हेच रोज बजावतो. शनिवारी इथेच पडून राहतो, रविवारी निघतो.

आईला नमस्कार. रागावलात तरी माया कमी करू नका.

आपला, रोहित

निफाड, ८ एप्रिल

चि. रोहितास आशीर्वाद.

तुझं शहाणपण सगळ्यांना वाचून दाखवलं. महेशकाका पोट धरून हसला. पाण्यात तरंगायला कसले आलेत कष्ट? तुझा आजा दिवसभर बागेत छाटणी करून दुसऱ्या दिवशी गड चढायचा. शनिवारी आला नाहीस, तर या घराचा उंबरा पुन्हा ओलांडू नकोस.

आप्पा

नाशिक, ३ जून

आप्पा,

मायना लिहवत नाही.

शुक्रवारच्या बुड्या आटोपून मी रातोरात आलो. दोनशे पायऱ्यांवर खांदा ठणकायला लागला, बोटांना मुंग्या आल्या. पाणी मागितलं, तर तुम्ही बाटली महेशकाकांच्या पिशवीत टाकलीत आणि भावकीसमोर म्हणालात, की समुद्र पिऊन आलेल्याला घोटभर पाण्याची कसली तहान. सगळे हसले. वर पोचेपर्यंत मी पाय ओढत होतो, तुम्ही म्हणालात नाटक आहे. मग दोन दिवस घरी तेल चोळलंत. मुंबईला, हे बुडबुडे विरवणाऱ्या दाबाच्या खोलीत नेलं, तोवर मणक्यातल्या नसा गेल्या होत्या. काल इथले डॉक्टर म्हणाले, की कमरेखाली आता काही परत येणार नाही.

तुम्ही लोकांना सांगता, की पोरगं समुद्रातूनच बिघडून आलं. मला एकच हवंय. मी आधी सांगितलं होतं, एवढं एकदा लिहून द्या.

रोहित

निफाड, १० जून

चि. रोहितास आशीर्वाद.

झालं ते देवीच्या मर्जीनं. कोण काय बोललं होतं ते उगाळून पाय येणार आहेत का? भावकीत माझी मान खाली जाईल असं मी काही लिहून देणार नाही. तुझी आई महिनाभर माझ्याशी बोलत नाही, ताट तेवढं वाढते.

तरी मी बाप आहे. काल गडावर जाऊन नवा नवस बोलून आलो. गुडघे दुखतात म्हणून पायऱ्या सोडून ट्रॉलीनं गेलो. तू उभा राहिलास की तुला पुन्हा गडावर नेईन, पायी आणि निर्जळी.

फक्त त्या खेपेला आधी दोन दिवस समुद्रात उतरू नकोस.

तुझ्यावर जीव असलेला, आप्पा