मागची रांग

१८ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. पाठ आता बरी आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. भाऊजींना सांग, यापुढे कपाटं सरकवायची हौस त्यांनी एकट्यानेच भागवावी.

'मुंगी तुझ्याकडे यायचं नावच काढत नाही. मावशी-भाचीचं काय बिनसलंय?' असं तू विचारलंस. फोनवर मी दोनदा विषय बदलला. कागदावर तसं जमत नाही.

माझं काम तुला ठाऊक आहे, जाहिरातींच्या ओळी लिहायच्या. यंदा आमच्याकडे दहा ते तेरा वर्षांच्या मुलींसाठी चेहऱ्याचं एक क्रीम आलं. हो, दहा! हल्ली एवढ्याशा पोरी आरशापुढे बाटल्या मांडून व्हिडिओ करतात, आणि आम्ही हात धुऊन त्यांच्या मागे लागतो. महिनाभर डोकं खाजवूनही धड ओळ सुचत नव्हती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंगी माझ्याकडे होती तेव्हाची गोष्ट. एका दुपारी कपडे वाळत घालताना म्हणाली, "मावशी, वर्गाच्या फोटोत मी मुद्दाम मागच्या रांगेत उभी राहते. कपाळावरचे फोड दिसत नाहीत ना! आईला नको हं सांगू." मी तिला जवळ घेतलं.

ताई, सोमवारी मी ऑफिसात ओळ दिली, 'अजून मागच्या रांगेत?' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले.

शाळा सुरू झाली आणि ती जाहिरात मुलींच्या फोनवर पोचली. त्या एकमेकींना तेच म्हणून चिडवायला लागल्या. मुंगीचा मेसेज आला, 'ती मी आहे ना?' मी आठ दिवस उत्तर दिलं नाही.

नवव्या दिवशी शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, "हो, तूच. चुकलं माझं." ती रडली नाही.

"मी तुला सांगितलं होतं, मावशी. सगळ्यांना नाही," एवढं बोलून निघून गेली.

मी साहेबांना सगळं सांगितलं. "अगं, पण ओळ तुफान चाललीय!" ते म्हणाले. मी हटून बसले. पंधरा दिवस वाद झाला, शेवटी ओळ काढली. क्रीम मात्र जोरात खपतंय, आणि मला त्या कामावरून हलवलंय. आता मी छत्र्यांच्या जाहिराती लिहिते.

परवा मुंगीचाच फोन आला. "मी अजून रागावलेय. पण आमच्या वर्गात येशील? जाहिरातवाले आम्हाला कसं गटवतात ते शिकव. बाईंना विचारलंय मी." मग म्हणाली, "ती ओळ कुणाची ते बोलू नकोस. वाटलं तर मीच सांगेन. आणि आईला तू सांगायचंस, आधी."

म्हणून हे पत्र. पुढच्या शुक्रवारी वर्ग आहे. तू नको म्हणालीस तर मी येणार नाही. पण तिने प्रश्नांची यादीही पाठवलीय गं! पहिलाच प्रश्न, 'आम्हाला कशाची लाज वाटते, ते तुम्हाला कसं कळतं?' किती वर्षांनी मी काहीतरी खरं लिहायला बसलेय.

तू अजून म्हणू देत असशील तर,
तुझीच धाकटी