तुझ्या पाठीवरची कातडी

प्रिय दिपमाला,

पत्र पाहून घाबरू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत, तुझे आबा तर जरा जास्तच. काल टेम्पो पुसता पुसता गाणं म्हणत होते, तर कुंदाबाई हातातला पुरणाचा उंडा तसाच धरून हसत बसली. आपल्याकडे आता मांडे भाजायची चार खापरं चालतात. परवा वरणगावच्या एका लग्नाला सहाशे मांडे गेले आणि वरमाईने फोन करून कौतुक केलं. बेबाबाईचा हात तर असा बसलाय, की मांडा कोपरापर्यंत फिरवते तेव्हा त्यातून तिचं गोंदण दिसतं. मी मधोमध खुर्ची टाकून बसते आणि कोणी विचारलेलं नसताना सूचना देते. सुखात आहे मी. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून तुला वाटायचं की आईचं काहीतरी बिनसलंय.

प्रेमराज धुळ्याला बहिणीकडे म्हणून येऊन गेला आणि त्याने सांगितलं, की देहरादूनच्या शाळेत मिळालेली नोकरी तू नाकारणार आहेस. शुक्रवारपर्यंत कळवायचंय आणि तू नाही म्हणून कळवणार. धुळ्याहून दर शनिवारी जामनेरला येता येतं, तिथून येता येणार नाही, हे एक. दुसरं जे तू त्याच्याशी बोललीस ते त्याने खाली मान घालून सांगितलं. "जिने मला अंगची कातडी काढून दिली, तिला टाकून कशी जाऊ?" ते ऐकल्यापासून तुझ्याशी बोलायचं म्हणतेय. दोनदा फोन लावला आणि दोन्ही वेळा 'जेवलीस का' एवढंच विचारून ठेवून दिला. म्हणून प्रेमराजच्या वहीची पानं फाडली. मी नववी शिकलेली बाई, चुका सांभाळून घे, लाल पेन काढू नकोस.

तो आखाजीच्या सणाचा आदला दिवस होता. तू चार वर्षांची. डाळ शिजवून मी तिचं उकळतं पाणी रश्शीसाठी पातेल्यात काढलं आणि पातेलं ठेवलं ते खाली, दाराच्या वाटेवर. तू खेळत खेळत उलटी चालत आलीस आणि त्यात पाठीवर पडलीस. तुला आठवत नाही, ते बरंच आहे. मी तुला उचललं, आणि नंतर काय केलं ते तुला कोणी सांगितलं नसेल. परातीत ओल्या फडक्याखाली मांड्याची कणीक होती, गार आणि लुसलुशीत. ती मी हातावर फिरवून मोठी केली आणि तुझ्या पाठीवर पसरली. हात तेवढंच करायला शिकलेले होते गं. जळगावच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती वाळून चिकटली. नर्सला ती भिजवून भिजवून काढायला दीड तास लागला आणि तुझं ओरडणं मी बाहेर उभी राहून ऐकलं. डॉक्टर रागावले नाहीत. नुसतं साधं पाणी ओतत राहिला असतात तर बरं झालं असतं, एवढंच म्हणाले.

ते डॉक्टर मोठे बोलके होते. मला बाकावर बसवून त्यांनी सांगितलं, की कातडी म्हणजे अंगाला गुंडाळलेलं कापड नव्हे. अंगातलं पाणी ती आत धरून ठेवते. ती गेली की लेकरू झिरपणाऱ्या माठासारखं रिकामं होत जातं. बाहेरचे जंतू ती आत येऊ देत नाही, उन्हाळ्यात घाम काढून गार करते, थंडीत ऊब धरते. खापर पुरतं तापलं की नाही हे आम्ही वर हात धरून ओळखतो, तेही तिचंच काम. मी इतकी वर्षं हाताच्या कातडीवर पोट भरत होते आणि ती काय काय करते हे मला पोरीची गेल्यावर कळलं. तुझ्याच अंगावरची काढून लावावी तर तू फार अशक्त झाली होतीस. मग त्यांनी माझ्या मांडीवरची पातळ साल काढली आणि तुझी पाठ झाकली.

इथपर्यंत तुला माहीत आहे, कारण घरात हीच गोष्ट सांगितली गेली. अपघात झाला तेव्हा तुझी आजी म्हणाली होती, वाटेत पातेलं ठेवणारी ही कसली आई. तीच आजी पुढे येणाऱ्याजाणाऱ्याला तुझा फ्रॉक वर करून दाखवायची, "हिनी पाठवर मायनी कातडी शे." धुळ्याकडची ती, तिच्या बोलीत ते आणखीच ठसक्यात लागायचं. भावकीत माझं नाव झालं. पातेल्याचा विषय कोणी काढेना. रुपचंदमामांनी तर तुला समोर उभं करून सांगितलं, की आईच्या पायात आपल्या कातड्याचे जोडे घातलेस तरी उपकार फिटायचे नाहीत, आणि तू आठ वर्षांची पोर गंभीरपणे मान डोलावत राहिलीस. मी तिथेच होते. चहा गाळत होते. उन्हाळ्यात तुझ्या पाठीला घाम यायचा नाही, तू लालबुंद व्हायचीस, मी ओला पंचा टाकायचे. तेव्हा तू म्हणायचीस, आई, तुझी कातडी रुसली बघ. मी हसायचे. देहरादूनला ऊन आपल्याइतकं नसतं म्हणे.

दिपू, माझी कातडी तुझ्या पाठीवर नाही. अठरा दिवस होती. दुसऱ्याची कातडी अंग ठेवून घेत नाही, आईची असली तरी नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. एका सकाळी पट्टी काढली आणि ती सुटून आली. मी फार रडले, वाटलं पोरीच्या अंगाने मला ओळखलं नाही. डॉक्टर म्हणाले, "बाई, हिचं काम झालं. आता पोरीची पोरीला लावू." तोवर तुझ्यात जीव आला होता. तुझ्याच मांडीवरची साल तुझ्या पाठीला लावली आणि ती रुजली. मांडीवरचा तो फिकट चौकोन, जो मी तुला जन्मखूण म्हणून सांगत आले, तो त्याची खूण आहे. आबांना माहीत आहे, मीच त्यांना शपथ घातली. खरं सांगितलं असतं तर माझ्या नावावर पुन्हा पातेलं आणि कणीक एवढंच उरलं असतं, आणि मला ते सोसणारं नव्हतं. तू विज्ञान सोडून भूगोल घेतलास तेव्हा, पुस्तकातून तुला हे कळायचं टळलं म्हणून, मी गुपचूप नारळ फोडला होता. आता त्याची लाज वाटते. रागव, हवं तितकं रागव, शनिवारी आलीस की भांडू. पण शुक्रवारी हो म्हणून कळव. फेडायचं असं तुझ्यावर काही नाही. चोवीस वर्षं जी पाठ घेऊन तू ताठ चाललीस ती पुरती तुझी आहे. मी अठरा दिवस नुसतं झाकून धरलं होतं. त्या अठरा दिवसांचा मला अजून अभिमान वाटतो, तेवढा मात्र माझ्याकडे राहू दे.

तुझीच,
आई