रांग एकतीसमधल्या दोन जागांची व्यवस्था

मी, बर्निस कुबियाक, कै. कॅझिमीर कुबियाक यांची पत्नी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शाळेच्या खानावळीतून निवृत्त, राहणार पोर्ट लॅम्बर्ट, विस्कॉन्सिन, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी अक्कल शाबूत आहे. फुटबॉलच्या मोसमात रविवारी दुपारी ती ठिकाणावर नसते हे गावाला ठाऊक आहे, म्हणून यातले एकही कलम रविवारी लिहिलेले नाही.

लिहिण्याचे कारण असे, की माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉ. ओव्हरगार्ड म्हणाले, लगेच करू. मी म्हणाले, मोसम संपल्यावर. त्यांनी भिंतीवर लावलेले सामन्यांचे वेळापत्रक पाहिले, आमच्या आइसमेन संघाकडे यंदा चेंडू फेकणारा धड नाही आणि अडवणारे त्याहून नाहीत हे मनाशी तोलले, आणि जानेवारीतल्या पहिल्या मंगळवारची तारीख दिली. "त्याच्यापुढे आपली टीम काही जात नाही, बर्निसबाई," असे ते म्हणाले. दुसऱ्या गावांत डॉक्टर तपासण्या बघून तारीख देत असावेत.

कलम १. घर, बँकेतली शिल्लक आणि तळघरातला फ्रीझर, आतल्या हरणाच्या मांसासकट, मुलगी जॅनीन व मुलगा रोलंड यांना निम्मे निम्मे. यावरून त्यांचे भांडण होणार नाही. ते पुढच्या कलमावरून होईल.

कलम २. आइसमेनच्या स्टेडियममध्ये विभाग अठरा, रांग एकतीस, जागा सात व आठ, या पूर्ण मोसमाच्या दोन जागा माझ्या नावावर आहेत. नवीन जागेसाठी आज नाव घातले तर नातवाच्या लग्नापर्यंत नंबर लागतो. आमच्याकडे बाळाचे नाव आधी त्या यादीत जाते, बाप्तिस्मा मग. घटस्फोट घेणारी जोडपी मुले समजुतीने वाटून घेतात आणि जागांसाठी कोर्टाची पायरी चढतात. आठ नंबर माझी. सात नंबर कॅझची. तो गेल्यापासून तिथे माझा कोट बसत असे. यंदा कोट मांडीवर घेतला आणि घरच्या दर सामन्याला तिथे एकेक उमेदवार बसवून पाहिला.

कलम ३. पहिला सामना, कोयोटीजविरुद्ध. उमेदवार आमच्या चर्चचे फादर बोगदान. सामना हरलो. फादर दोन्ही संघांसाठी प्रार्थना करत होते असे त्यांनी स्वतःच सांगितले. त्यांना माझी चांदीची जपमाळ मिळेल, जागा नाही.

कलम ४. दुसरा सामना परगावी, हरलो. तिसरा घरी, हरलो. तिसऱ्याला माझी मावसबहीण मार्जोरी आली आणि विणकाम घेऊन आली. आमच्या चेंडू फेकणाऱ्याला चौघांनी मिळून जमिनीत गाडले तेव्हा ती टाके मोजत होती. तिला माझी सगळी लोकर. चौथा सामना परगावी. त्याबद्दल न लिहिलेलेच बरे. त्या सोमवारी डॉक्टरांचा फोन आला. आवाज लग्नघरातल्यासारखा. तारीख पक्की धरा म्हणाले.

कलम ५. पाचवा सामना, बॅरन्सविरुद्ध. उमेदवार रोलंड, माझा थोरला, कायद्याने आणि रक्ताने पहिला हक्कदार. तिसऱ्या सत्राअखेर आपण वीस गुणांनी मागे. रोलंड उठला. म्हणाला, आई, गर्दीच्या आधी निघू. मी हलले नाही. तो गेला. त्यानंतर या गावात जे झाले ते पुन्हा होणे नाही. तीन टचडाउन, म्हणजे चेंडू तीनदा त्यांच्या रेषेपार, तिसरा शेवटच्या क्षणी, सरोवराच्या बाजूच्या कोपऱ्यात, आणि झेलणारा इतका आडवा झाला होता की त्याचा एक बूट चिखलात राहिला. मी पुढच्या रांगेतल्या लीरॉय टेशच्या गळ्यात पडले. या लीरॉयशी माझे तीस वर्षे वैर आहे, कारण तो शिंगांची टोपी घालून उभा राहतो आणि मला अर्धेच मैदान दिसते.

रोलंड तेव्हा पार्किंगमध्ये अडकून रेडिओ ऐकत होता. तेही चालले असते. पण थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला, टर्की कापता कापता, त्याने तो झेल सगळ्या सोयऱ्यांना डोळ्यांनी पाहिल्यासारखा सांगितला, आणि तो सरोवराऐवजी गुणफलकाच्या बाजूला झाल्याचे सांगितले. मी बटाटे पुढे सरकवले. रोलंडला माझे बर्फ उडवायचे यंत्र. तेही तो अर्धे अंगण साफ करून बंद करेल.

कलम ६. इथून पुढे कोणाचा पाय जमिनीवर राहिला नाही. सहावा जिंकलो, सातवा जिंकलो, आठवा परगावी, वाळवंटातल्या उकाड्यात, तोही जिंकलो. बेकरीवाल्याने पावाला संघाचा निळा रंग दिला आणि आठवडाभर गावाचे ओठ निळे होते. डॉक्टरांचा आवाज मात्र उतरत गेला. बिचाऱ्याची पंचाईत अशी, की रविवारी त्यांना जिंकायचे असे आणि सोमवारी हरायचे.

कलम ७. नववा सामना, स्टोकर्सविरुद्ध, उमेदवार माझी मुलगी जॅनीन. जॅनीनला फुटबॉल आवडत नाही. ती माझी नाडी धरायला आली होती. दुसऱ्या सत्रात ती स्वच्छतागृहात गेली आणि तेवढ्यात आपला टचडाउन झाला. ती परत येताना दिसली तसा लीरॉयने हात आडवा केला.

"ताई, तिथेच जिन्यात थांबा."

"अहो, माझी आई आहे ती. तिचं हृदय…"

"आमचंही हृदयच आहे. तुम्ही गेलात आणि गुण मिळाले. आता हलू नका."

रांगेने हात वर करून मत दिले. मीही दिले, जॅनीनच्या विरुद्ध. ती सामना संपेपर्यंत जिन्यात गरम चॉकलेटचा पेला धरून उभी राहिली आणि आपण दणक्यात जिंकलो. पुढचे घरचे सामनेही तिला तिथेच उभे केले. तिने कुरकुर केली नाही. मी मैदानाकडे पाहत होते तेव्हा ती माझ्याकडे पाहत होती, हे मला लीरॉयने सांगितले.

कलम ८. दहावा, अकरावा, बारावा जिंकलो. तेरावा हरलो तर लोकांनी मयत असल्यासारखे घरोघरी डबे पोचवले. शेवटचा साखळी सामना जिंकून आपण बाद फेरीत गेलो, आणि माझा मंगळवार रद्द झाला. मीच फोन करून रद्द केला. पुढच्या आठवड्यात परगावी जिंकलो, पुन्हा रद्द. त्यानंतरच्या आठवड्यात पुन्हा. डॉक्टर म्हणाले, "बर्निसबाई, झडपेला वेळापत्रक कळत नाही." जिना चढताना मी आता दोनदा थांबत होते.

तेव्हा एका संध्याकाळी जॅनीन माझ्या स्वयंपाकघरात आली आणि कोटही न काढता म्हणाली, "आई, आज मी चर्चमध्ये मेणबत्ती लावून आले. ते हरावेत म्हणून."

या घरात असे वाक्य कधी उच्चारले गेले नव्हते. मी म्हणाले, लीरॉयला सांगू नकोस, खिडक्या फोडेल. आणि ती गेल्यावर याच कागदावर लिहिले, की जॅनीनला जागा नाही. दोन्ही जागा क्लबला परत जाव्यात. ते वाक्य मी आता खोडले आहे. खाडाखोड माझीच असून शेजारी माझी सही आहे.

कलम ९. उपांत्य सामना, हार्पूनर्सविरुद्ध, आपल्याच मैदानावर. थंडी अशी की बिअर ओठाला लावेपर्यंत तिचा बर्फ. जॅनीनला मी हट्टाने सात नंबरवर बसवले. रांग नाराज झाली. मी म्हणाले, यंदाचे शेवटचे घरचे तिकीट आहे, माझ्या मुलीजवळ बसेन.

शेवटचे काही सेकंद. आपण दोन गुणांनी मागे. आमचा किक मारणारा, प्रुइट नावाचा पोरगा, खूप लांबून चेंडू दोन खांबांमधून काढायला उभा राहिला. चुकला तर मोसम संपला आणि मंगळवारी माझी शस्त्रक्रिया. लागला तर पुढे फायनल आणि पुन्हा माझी टाळाटाळ. जॅनीनला हवे ते एका लाथेवर आले होते. चेंडू उडाला, वाऱ्याने डावीकडे ओढला, आणि सगळे स्टेडियम श्वास रोखून असताना माझ्या कानाशी एक आवाज फुटला.

"ये ना रे बाबा, आत ये. माझ्या आईसाठी ये."

चेंडू खांबाला घासून आत पडला. पुढचे मला नीट आठवत नाही. लीरॉयची टोपी माझ्या डोक्यावर होती आणि जॅनीन माझ्या गळ्याला मिठी मारून हसत होती आणि रडत होती. म्हणाली, "आता तू परत पुढे ढकलशील, आणि मीच ओरडले गं."

मला काय झाले ते सरळ लिहिते. मी मोसमासाठी थांबले नव्हते. मला भीती वाटत होती. छाती उघडणार या विचाराने मी रात्री दिवा लावून झोपत होते, आणि आइसमेन जिंकत होते तोवर ती भीती मला कोणाला सांगावी लागत नव्हती. जॅनीनला माझ्याहून जास्त भीती होती, आणि तरी तो चेंडू आत जावा म्हणून ती ओरडली, कारण मला तो हवा होता. तिला हवे ते मी करू शकत नाही असे कसे म्हणू? फायनल आणखी दोन रविवारांनी आहे. मी तिथल्या तिथे, त्या गोंधळात, डॉक्टरांना फोन लावला आणि म्हणाले, या मंगळवारीच करा. ते तीन रांगा वर बसले होते. उभे राहून हात हलवला.

कलम १०. वरील दोन्ही जागा माझी मुलगी जॅनीन हिला. मृत्युपत्र माझ्या पश्चात अमलात येते हे मला माहीत आहे. परंतु सात नंबरपुरते हे कलम आजपासून लागू समजावे. ती जागा आता तिची आहे; कोट घरी ठेवीन. आठ नंबर तिने माझ्याकडून इतक्यात मागू नये. सप्टेंबरात तिथे मी बसणार आहे.

हे सर्व मी वाचले, मला पटले, म्हणून सही केली.

बर्निस कुबियाक

साक्षीदार:
१. लीरॉय टेश, रांग तीस. बाईंनी माझ्यासमोर सही केली. हात कापत नव्हता.
२. अर्ने ओव्हरगार्ड, डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीत आहेत. उद्या सकाळी काही तास नसतील, ती जबाबदारी माझी.

ठिकाण: पोर्ट लॅम्बर्ट. जानेवारीतला शेवटचा सोमवार.