गरीब भगिनी, रविवारी पाच वाजता

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. शिवणाचा कारखाना बंद पडला आणि लगेच घरमालकाने खोली मागितली, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. पण तू जागा शोधत वणवण करू नकोस, सरळ आमच्याकडे निघून ये. मागची खोली रिकामी करते. तिथे ऊन येत नाही, पण झोपायला ऊन कशाला लागतं? तुझं मशीन माळ्यावर टाकू.

आमच्या वाचक मंडळाचा या महिन्याचा विषय आहे गरिबी. ग्रंथ उशीएवढा जाड आहे. आमचा नियम तुला ठाऊकच आहे: ज्याने पुस्तक वाचलं नाही त्याने सगळ्यांचे कप विसळायचे. मागच्या खेपेला बेसिनपाशी रांग लागली होती आणि खुर्च्यांवर मी एकटी. या वेळी विषयाचा मान राखून खाणं ठेवायचं नाही, नुसतं पाणी द्यायचं, असं दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सुचवलं आणि सगळ्यांना ते फार भिडलं.

अडचण एकच. गरिबीचा अनुभव कोणालाच नाही. बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणाले की लहानपणी तेही गरीबच होते, त्यांच्या घरची मोटार फार जुनी होती. तेव्हा मी तुझं सांगितलं. सगळ्यांना इतका आनंद झाला म्हणून सांगू! रविवारी, अठरा तारखेला, पाच वाजता तू बोलायचं आहेस. तुला संकोच नको म्हणून फलकावर नाव घातलेलं नाही, ‘एका गरीब भगिनीचे अनुभव’ एवढंच लिहिलं आहे.

भावोजी तुझी आठवण काढतात. लोभ आहेच, सामान बांधताना तोही सोबत घे.

तुझी ताई
अध्यक्षा, वाचक मंडळ


१० फेब्रुवारी

ती. ताईस (आणि माननीय अध्यक्षांसही),
शि. सा. न. वि. वि.

माझं काम गेलं आहे ग, मी गेलेली नाही. तू तर माझी शोकसभाच भरवलीस.

‘गरीब भगिनी’ वाचून खूप हसले. मग रडले. तेही लिहिते, नाहीतर तू म्हणशील हिला सगळ्याचीच चेष्टा. आता मला सांग, मी घालून येऊ काय? शिवणारणीच्या घरात फाटकं कापड टिकत नाही. तुमच्या मंडळाच्या समाधानासाठी एखादा धड कपडा मुद्दाम उसवावा लागेल. आणि येतानाच डोळे ओले ठेवू, की त्या जुन्या मोटारीची हकिकत ऐकल्यावर भिजवू?

थट्टा पुरे. चाळिशी उलटल्यावर बहिणीच्या दारात बोचकं घेऊन उभं राहायचं माझ्या जिवावर आलं होतं. तरी येणार होते, कारण बहिणीकडे जायला लाज कसली. पण तू बहीण बोलावलीच नाहीस, तू वक्ता बोलावलास. वर माझं मशीन माळ्यावर टाकायला निघालीस. मशीन माळ्यावर गेलं की मी खरोखरच तुझ्या फलकावरची ती बाई होईन. कारखान्यात काजं करणारी माझी मैत्रीण तिच्या खोलीतला एक कोपरा देते म्हणते. तिकडेच जाते. रविवारी माझ्या नावाची, म्हणजे नसलेल्या नावाची, खुर्ची रिकामी ठेवा.

भावोजींना नमस्कार. लोभ असू दे, कीव नको.

तुझी धाकटी


१९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र शनिवारी आलं आणि मला भयंकर राग आला. तुझ्या भावोजींना वाचून दाखवलं, म्हटलं हे तरी माझी बाजू घेतील. ते शोकसभेपाशी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग मी एकटीने परत वाचलं आणि मशीनपाशी अडकले. पुढे वाचवेना.

काल सभेत उभी राहून सांगून टाकलं की बहीण येणार नाही, कारण मी तिला न विचारता भिंतीवर टांगलं. बँकवाले काका म्हणाले की गरीब माणसं जरा तुसडी असतात. मी म्हटलं, तुसडेपणाचा गरिबीशी काही संबंध नाही, तो आमच्या घराण्यात आहे, थोडं थांबलात तर आत्ता दाखवते. त्यातून सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. इतक्यात डॉक्टरीणबाईंच्या पर्समध्ये कागद चुरचुरला. बाई गुपचूप बिस्किटं खात होत्या. नुसत्या पाण्याची कल्पना यांचीच. मग जे काही जुंपलं, त्यात गरिबी कुठल्या कुठे राहिली. उरलेली सभा बिस्किटाच्या एका पुड्यावर गाजली, आणि तो पुडाही मंडळाने जप्त करून तिथल्या तिथे संपवला. ग्रंथ कोणीच वाचलेला नव्हता. मीही नाही. पेले मी विसळले.

आता महत्त्वाचं. माझं पुस्तकांचं कपाट मागच्या खोलीत गेलं. पुढची खिडकी आता मोकळी आहे, तिथे सकाळपासून उजेड असतो. मशीन तिथे बसेल. कपाट ढकलताना भावोजींची कंबर धरली, ते तुझ्या नावाने कण्हत पडले आहेत. त्या फलकाचा पुठ्ठा उलटा करून मी ‘येथे कपडे शिवून मिळतील’ असं रंगवलं आहे. लावलेला नाही. तू हो म्हटल्याशिवाय लावणार नाही.

ये ना ग.

ताई


२४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

या खेपेला सहीखाली अध्यक्षा दिसल्या नाहीत. बऱ्या आहेत ना?

पुठ्ठा लाव. खाली ‘उसवलेलं, तोकडं, घट्ट, सगळं दुरुस्त करू’ असंही घाल. तुमच्या मंडळातच मला वर्षभराचं काम दिसतं आहे. मैत्रिणीच्या कोपऱ्याचं खरं सांगते, तिथे मी मावले असते, मशीन मावलं नसतं. तेव्हा मशीन टेंपोने आधी येईल, मागून मी. भावोजींना उचलायला लावू नकोस, माझ्या नावाने कण्हणं तेवढं पुरे. आणि कोणीही उचललं तरी चाकाला धरून उचलायचं नाही, खालून धरायचं. तू कपाट हलवलंस हे वाचून मी मैत्रिणीसमोर रडले, मग तिलाही सगळं सांगावं लागलं.

तुमच्या मंडळातही येईन, पण सभासद म्हणून. तो उशीएवढा ग्रंथ मात्र माझ्याने वाचवणार नाही, तेव्हा पहिल्या रविवारी सगळ्यांचे कप मी विसळीन. बँकवाले काका हळहळायला लागले तर त्यांना आधीच सांगून ठेव, ही बाई गरीब म्हणून कप विसळत नाही, आळशी म्हणून विसळते आहे.

लोभ आहे तेवढा पुष्कळ झाला, बिस्किटं मात्र ठेव.

तुझी धाकटी